गाजर, गोळी आणि फिनलंड

१९८१ च्या मार्चमध्ये ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकात आठ पानांचा एक लेख छापून आला. शीर्षकातच प्रश्न होता: आहारातल्या बीटा-कॅरोटिनमुळे माणसांमधलं कॅन्सरचं प्रमाण खरोखर कमी होऊ शकेल का? चार लेखकांमध्ये रिचर्ड पेटो आणि रिचर्ड डॉल ही नावं होती. डॉल म्हणजे ज्यांनी १९५० साली ब्रॅडफर्ड हिल यांच्या सोबतीनं सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध आकड्यांनिशी दाखवून दिला, तेच. उगाच आशा लावणाऱ्यांतली ही माणसं नव्हती. म्हणूनच त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला वजन आलं.

प्रश्नामागं पुरावा होता. बीटा-कॅरोटिन म्हणजे गाजराला केशरी रंग देणारं द्रव्य; शरीर त्यातून जीवनसत्त्व ‘अ’ बनवतं. नॉर्वेत एरिक ब्येल्के यांना १९७५ मध्येच आढळलं होतं, की ज्यांच्या जेवणात जीवनसत्त्व ‘अ’ देणारे पदार्थ जास्त, त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर कमी. जपानमध्ये ताकेशी हिरायामा १९६५ पासून २,६५,११८ प्रौढांचा माग ठेवून होते. रोज हिरव्या-पिवळ्या भाज्या खाणारे त्यांच्याही पाहणीत उजवे ठरत होते. १९८१ मध्येच शिकागोच्या एका विद्युत कारखान्यातल्या कामगारांच्या एकोणीस वर्षांच्या पाहणीचा निष्कर्ष आला. ज्यांच्या ताटात कॅरोटिन जास्त, त्यांना हा कॅन्सर कमी, आणि सिगारेट ओढणाऱ्यांतही फरक दिसत होता. तीन खंडांतून आलेला निष्कर्ष एकाच दिशेला बोट दाखवत होता.

पेटो आणि डॉल यांनी मात्र लेखात हात राखूनच लिहिलं होतं. भाजी खाणाऱ्यांना कॅन्सर कमी होतो, एवढ्यावरून भाजीतल्या अमुक एका द्रव्यामुळं तो कमी होतो असं ठरत नाही. भाजी खाणारा माणूस इतरही पुष्कळ बाबतींत वेगळा असतो. तो दारू कमी पीत असेल, त्याच्या हातात पैसा थोडा जास्त असेल, त्याच भाजीतून त्याच्या पोटात आणखी शेकडो द्रव्यं जात असतील. याचा निकाल लावायचा तर सोडतीनं दोन गट पाडून एकाला कॅरोटिन द्यायचं, दुसऱ्याला नाही, आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची, हा एकच मार्ग होता. असे प्रयोग व्हावेत, असं त्यांनी लिहिलं. ते झाले. त्या प्रयोगांची हकिगत अँटिऑक्सिडंटच्या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते, आणि जाहिरातींच्या गदारोळात तीच सर्वांत कमी सांगितली जाते.

अँटिऑक्सिडंट म्हणजे ऑक्सिजनमुळं होणारं बिघडणं, म्हणजेच ऑक्सिडेशन, रोखणारं द्रव्य. ही कल्पना आली ती दवाखान्यातून नव्हे, साठवणीच्या कोठारातून. डब्यातलं खोबरं खवट होतं, जुन्या शेंगदाण्याला वास येतो, चिरलेलं वांगं काळं पडतं. हवेतला ऑक्सिजन हे करतो. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याला ॲक्रोलिन हे द्रव्य विषारी वायू म्हणून वापरायचं होतं. कढईतलं तेल जळून धूर निघाला की डोळे चुरचुरतात आणि घशात खवखवतं, ते याच ॲक्रोलिनमुळं. सिगारेटच्या धुरातही ते असतं. अडचण एवढीच होती, की साठवून ठेवलं की हवा लागून ते बिघडायचं. शार्ल मुरू आणि शार्ल द्युफ्रेस या रसायनशास्त्रज्ञांनी शोधून काढलं, की हायड्रोक्विनोनसारख्या फिनॉल जातीच्या द्रव्याचा अंश मिसळला तरी हे बिघडणं थांबतं. पुढं रबर, पेट्रोल, बिस्किटं, तेल-तूप अशा सगळ्यांच्या साठवणीत हा शोध उपयोगी पडला. फिनॉल जातीची द्रव्यं वनस्पतींमध्ये तर ठासून भरलेली असतात. १९५२ मध्ये अमेरिकेत बत्तीस मसाल्यांची चरबी खवट होऊ न देण्याची ताकद तपासली गेली, तेव्हा रोझमेरी आणि सेज या दोन पाल्यांनी सगळ्यांना मागं टाकलं.

डब्यातलं तेल खवट होतं तसं शरीरही हळूहळू ‘खवट’ होत असेल का, हा प्रश्न विचारला डेनहॅम हारमन यांनी. ते मुळात शेल या तेल कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ. फ्री रॅडिकल म्हणजे एक इलेक्ट्रॉन सुटा राहिलेले, अतिशय चळवळे रेणू, हा त्यांचा रोजचा विषय. १९४५ मध्ये त्यांच्या पत्नीनं एका महिला मासिकातला म्हातारपण लांबवण्याविषयीचा लेख त्यांना दाखवला आणि तो विचार त्यांच्या डोक्यातून गेला नाही. चांगली नोकरी सोडून तिशी उलटल्यावर त्यांनी स्टॅनफर्डला वैद्यकीला प्रवेश घेतला. १९५४ च्या नोव्हेंबरमध्ये बर्कलीच्या प्रयोगशाळेत असताना त्यांना सुचलं, की श्वासानं घेतलेल्या ऑक्सिजनमधूनच शरीरात फ्री रॅडिकल तयार होत असावेत आणि तेच पेशींची झीज करत असावेत. १९५६ मध्ये त्यांनी हा सिद्धान्त छापला. बरीच वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९६९ मध्ये ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांना एक विकर सापडलं. पेशीतल्या अशा घातक ऑक्सिजनची विल्हेवाट लावणं हेच त्याचं काम. शरीर ज्याअर्थी त्याच्यासाठी स्वतंत्र यंत्रणा बाळगून आहे, त्याअर्थी तो धोका खरा असणार. तिथून फ्री रॅडिकलला वैद्यकात पक्की जागा मिळाली.

बीटा-कॅरोटिन या चित्रात अगदी चपखल बसलं. १८३१ मध्ये हाइनरिश वाकेनरोडर यांनी ते गाजरातून वेगळं काढलं होतं, म्हणून त्याचं नावही गाजरावरूनच. चाळीस कार्बन अणूंची लांब साखळी आणि तिच्यात एकाआड एक अकरा दुहेरी बंध. गाजर, आंबा, पपई, लाल भोपळा यांचा केशरी रंग या बंधांमुळं येतो, आणि याच बंधांमुळं हा रेणू भटक्या ऊर्जेला आपल्यात जिरवून घेऊ शकतो. पानांतही तो असतो, फक्त हिरव्या रंगाखाली झाकलेला. तिथं त्याचं काम असतं भर उन्हात प्रकाशसंश्लेषण चालू असताना तयार होणाऱ्या उग्र ऑक्सिजनपासून पानाला वाचवण्याचं. १९६८ मध्ये क्रिस्टोफर फूट यांनी हे काम परीक्षानळीत प्रत्यक्ष दाखवून दिलं. वनस्पतीला जे वाचवतं ते माणसालाही वाचवेल, असं वाटणं किती स्वाभाविक होतं. शिवाय द्रव्य स्वस्त, बिनविषारी. शरीर त्यातून लागेल तेवढंच जीवनसत्त्व ‘अ’ बनवून घेतं. जास्त झालं तर कातडी पिवळसर दिसते, इतकंच.

एक इशारा मात्र वेळेवर मिळाला होता. १९८४ मध्ये कॅनडातल्या ग्रॅहॅम बर्टन आणि कीथ इंगोल्ड यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं, की बीटा-कॅरोटिन नेहमीच्या जातीचं अँटिऑक्सिडंट नाही. ऑक्सिजनचा दाब कमी असेल तर ते उत्तम काम करतं. दाब वाढला आणि कॅरोटिनचं प्रमाणही जास्त असलं, की ते उलटतं आणि स्वतःच ऑक्सिडेशनला हातभार लावतं. शरीरात ऑक्सिजनचा दाब सर्वांत जास्त कुठं असतो? फुप्फुसात. पण परीक्षानळीतल्या या निष्कर्षाचा माणसांशी संबंध असेल असं तेव्हा फारसं कुणाला वाटलं नाही. पुढच्याच वर्षी एक मोठी चाचणी सुरू झाली.

ती फिनलंडमध्ये झाली. फिनलंडची सार्वजनिक आरोग्य संस्था आणि अमेरिकेची राष्ट्रीय कॅन्सर संस्था यांनी मिळून ती हाती घेतली. फिनलंडच का, याला कारणं होती. तिथल्या पुरुषांत सिगारेटचं प्रमाण मोठं होतं आणि फुप्फुसाचा कॅन्सरही. थंड मुलूख, वर्षातले कितीतरी महिने ताजी भाजी तुटपुंजी. आणि नोंदी चोख. देशाची कॅन्सर नोंदवही १९५० च्या दशकापासून चालू होती, प्रत्येक नागरिकाला ओळख क्रमांक होता. एखादा माणूस चाचणी सोडून घरी बसला, तरी त्याचं पुढं काय झालं हे कळणारच होतं. अशा देशात काढलेलं उत्तर सहजी खोडून काढता येत नाही.

नैऋत्य फिनलंडमधल्या ५० ते ६९ वयाच्या सगळ्या पुरुषांकडे, म्हणजे सुमारे २ लाख ९० हजार जणांकडे, टपालानं विचारणा झाली. दिवसाला किमान पाच सिगारेटी ओढणारे आणि भाग घ्यायला तयार असलेले निवडत निवडत १९८५ ते १९८८ या काळात २९,१३३ जण चाचणीत आले. सरासरी वय ५७. सरासरी रोज एक पाकीट, तेही छत्तीस वर्षं. या माणसांची फुप्फुसं आधीच धोक्यात होती. कॅरोटिनला काही करून दाखवायचं असेल तर जागा हीच, असं चाचणी करणाऱ्यांना वाटलं.

आखणी साधी होती, पण तिच्यातली हुशारी पाहण्यासारखी आहे. सोडतीनं चार गट पाडले, प्रत्येकात साधारण ७,२८० माणसं. एकाला रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन, दुसऱ्याला ५० मिलिग्रॅम जीवनसत्त्व ‘ई’, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला काहीच नाही. कॅप्सूल मात्र चौघांच्याही दिसायला सारख्याच. अशा मांडणीत एकाच चाचणीत दोन द्रव्यांचा निकाल लागतो. कुणाला काय मिळतंय हे घेणाऱ्याला ठाऊक नव्हतं, देणाऱ्यालाही नाही. वर्षातून तीनदा माणूस आपल्या केंद्रावर यायचा, तब्येतीची विचारपूस व्हायची, उरलेल्या कॅप्सूल मोजून परत घेतल्या जायच्या, नव्या मिळायच्या. पाच वर्षं, काहींच्या बाबतीत आठ वर्षं, हे चाललं. या माणसांनी दहातल्या नऊहून जास्त कॅप्सूल खरोखर घेतल्या. कुठल्याही दीर्घ चाचणीत असं इमान क्वचित दिसतं. आपण ज्याला शास्त्रीय पुरावा म्हणतो तो हजारो अनाम माणसांच्या अशा शिस्तीवर उभा असतो, आणि त्यांचे आभार मानायची पद्धत विज्ञानाच्या नियतकालिकांत फारशी नाही, म्हणून इथं थांबून हे लिहिलं.

२० मिलिग्रॅम म्हणजे किती? पाव किलो गाजरात साधारण एवढं बीटा-कॅरोटिन निघेल. अघोरी मात्रा म्हणावी असं त्यात काही नाही. पण गाजरातलं कॅरोटिन पेशींच्या भिंतींत अडकलेलं असतं. चावून, शिजवून, तेला-तुपाच्या सोबतीनं त्यातलं थोडंसंच रक्तात पोचतं. कॅप्सूलमधलं कॅरोटिन मोकळं, थेट शोषलं जाणारं. चाचणीतल्या माणसांच्या रक्तात त्याची पातळी पंधरा पटींहून जास्त वाढली. रोजच्या जेवणातली भाजी खाऊन एवढी पातळी सहसा येत नाही.

३० एप्रिल १९९३ ला कॅप्सूल देणं थांबलं आणि आकडे उघडले गेले. फुप्फुसाच्या कॅन्सरचे ८७६ नवे रुग्ण निघाले. बीटा-कॅरोटिन मिळालेल्यांत ४७४, न मिळालेल्यांत ४०२. दोन्ही बाजूंना माणसं जवळपास सारखीच होती. म्हणजे ज्या गोळीनं कॅन्सर कमी व्हायचा होता, तिच्या बाजूला तो १८ टक्क्यांनी जास्त होता. एकूण मृत्यूही ८ टक्क्यांनी जास्त. जीवनसत्त्व ‘ई’नं फुप्फुसाच्या कॅन्सरला काहीच फरक पडला नाही. ते घेणाऱ्यांत मेंदूतल्या रक्तस्रावानं मरणारे जास्त निघाले आणि प्रोस्टेटचा कॅन्सर मात्र कमी दिसला.

ज्यांनी दहा वर्षं या कामात घातली, ज्यांच्या मनात आशा होती, त्यांच्यासमोर हे आकडे आले तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? त्यांनी काय केलं ते मात्र सगळ्यांसमोर आहे. निकाल लपवला नाही, गटांची सोयीस्कर फोड करून गोड केला नाही. १४ एप्रिल १९९४ च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तो जसाच्या तसा छापला आणि या गोळ्यांनी अपायही होऊ शकतो, असं स्पष्ट लिहिलं. कुठल्याही नव्या शोधाइतकंच मी याला मोठं काम समजतो.

त्याच लेखात आणखी एक गोष्ट होती, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा तीच. चाचणी सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाच्या आहाराची चौकशी झाली होती, रक्त तपासलं गेलं होतं. नंतर पाहिलं तर ज्यांच्या रक्तात सुरुवातीला कॅरोटिन जास्त होतं, त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर खरोखरच कमी झाला होता. म्हणजे ब्येल्के, हिरायामा, शिकागोवाले, कुणीच चुकलं नव्हतं. त्याच देशात, त्याच माणसांत, त्याच द्रव्याबाबत दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या: भाजीतून आलेलं कॅरोटिन ज्यांच्या अंगी जास्त ते सुखरूप, गोळीतून ज्यांना ते दिलं त्यांना अपाय. रक्तातलं कॅरोटिन ही भाजीपाल्याची आणि एकूण राहणीची खूण होती. सगळ्यांनी त्या खुणेलाच कारण मानलं होतं.

निकालावर विश्वास बसायला वेळ लागला. योगायोग असेल, म्हणाले. मात्रा कमी पडली असेल, चाचणी उशिरा सुरू झाली, छत्तीस वर्षं सिगारेट ओढलेल्या माणसाला आता काय उपयोग, अशीही उत्तरं आली. ती अगदीच खुळचट नव्हती. आदल्याच वर्षी, १९९३ मध्ये, चीनच्या लिनशियन परगण्यातल्या २९,५८४ माणसांवरच्या चाचणीचा निकाल आला होता. तिथं बीटा-कॅरोटिन, जीवनसत्त्व ‘ई’ आणि सेलेनियम एकत्र दिल्यावर मृत्यू ९ टक्क्यांनी घटले होते. पण लिनशियनचे लोक गरीब, कुपोषित. ज्याच्या ताटात एखादी गोष्ट कमी आहे त्याला ती देणं वेगळं आणि ज्याचं भागतं आहे त्याच्या रक्तात ती पंधरा पट चढवणं वेगळं. आपल्याकडे जीवनसत्त्व ‘अ’च्या अभावानं रातांधळेपणा येणाऱ्या मुलांच्या बाबतीत शेवग्याचा पाला, लाल भोपळा, किंवा सरकारी डोस हा जीवन-मरणाचा विषय होता आणि काही भागांत अजून आहे. फिनलंडच्या निकालानं त्याला काही बाध येत नाही.

शंकेला उत्तर दिलं ते अमेरिकेतल्या दुसऱ्या चाचणीनं. तिचं नाव कॅरेट. मुख्य केंद्र सिएटलमध्ये, प्रमुख गिल्बर्ट ओमेन. त्यात १८,३१४ स्त्री-पुरुष होते: सिगारेट ओढणारे, पूर्वी ओढलेले आणि कामाच्या निमित्तानं वर्षानुवर्षं ॲस्बेस्टॉसच्या धुळीत वावरलेले पुरुष. रोज ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन आणि त्यासोबत २५,००० युनिट जीवनसत्त्व ‘अ’. फिनलंडचा निकाल आला तेव्हा ही चाचणी निम्म्याहून पुढं गेली होती. देखरेख समितीनं आकडे पाहिले, आणि तोच कल इथंही दिसू लागला. जानेवारी १९९६ मध्ये, ठरल्या वेळेच्या २१ महिने आधी, चाचणी थांबवण्यात आली. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर २८ टक्क्यांनी जास्त होता, एकूण मृत्यू १७ टक्क्यांनी. त्याच महिन्यात २२,०७१ अमेरिकी डॉक्टरांवरच्या बारा वर्षांच्या चाचणीचा निकालही जाहीर झाला. त्यात बहुतेक जण सिगारेट न ओढणारे. त्यांना बीटा-कॅरोटिननं ना फायदा झाला ना तोटा. आता योगायोग म्हणायला जागा उरली नाही.

मग हे उलटं कसं घडलं? बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात झियांग-डाँग वांग आणि रॉबर्ट रसेल यांनी त्यासाठी फेरेट निवडले, मुंगसाच्या चणीचे लांबुडके प्राणी. उंदीर इथं कामाचे नव्हते. ते आतड्यातच कॅरोटिनचं जवळपास सगळं रूपांतर करून टाकतात. फेरेटमध्ये ते माणसासारखं आहे तसं रक्तात उतरतं. सहा महिने काहींना कॅरोटिनची मोठी मात्रा दिली, काहींना सिगारेटच्या धुरात ठेवलं, काहींना दोन्ही. १९९९ मध्ये निकाल छापला. मोठी मात्रा मिळालेल्या फेरेटच्या फुप्फुसांतल्या पेशी कॅन्सरच्या वाटेवरचं रूप घेऊ लागल्या होत्या, आणि धूर व कॅरोटिन एकत्र आलेल्यांत हे सर्वांत जास्त होतं. धुरानं कॅरोटिनची लांब साखळी तुटत होती. तिचे तुकडे पेशीतल्या जीवनसत्त्व ‘अ’च्या कामात ढवळाढवळ करत होते आणि वाढीला आवर घालणारे संदेश मंदावत होते. बर्टन आणि इंगोल्ड यांनी परीक्षानळीतून दिलेल्या इशाऱ्याशी हे जुळत होतं. फिनलंडच्या आकड्यांची फोड केल्यावरही हेच दिसलं: अपाय झाला तो मुख्यतः रोज किमान एक पाकीट ओढणाऱ्यांना आणि जास्त मद्य घेणाऱ्यांना.

दुसरं अँटिऑक्सिडंट, जीवनसत्त्व ‘ई’, याचीही गत फार वेगळी झाली नाही. फिनलंडमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर कमी दिसला होता, त्या धाग्यावरून अमेरिकेत ३५,५३३ पुरुषांची आणखी मोठी चाचणी झाली. २०११ मध्ये कळलं, की केवळ जीवनसत्त्व ‘ई’ घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर उलट १७ टक्क्यांनी जास्त. २००७ मध्ये ६८ चाचण्यांतल्या २,३२,६०६ माणसांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. पद्धत चोख असलेल्या चाचण्यांपुरतं पाहिलं तर बीटा-कॅरोटिन, जीवनसत्त्व ‘अ’ आणि ‘ई’च्या गोळ्यांनी मृत्यूचं प्रमाण किंचित वाढतच होतं.

एवढं सगळं छापून येत असताना बाजारात मात्र अँटिऑक्सिडंटची चलती होती. परीक्षानळीतली ऑक्सिडेशन रोखायची ताकद मोजून खाद्यपदार्थांना गुण द्यायची एक पद्धत अमेरिकेच्या शेती खात्यानं लोकांपुढं ठेवली. शेकडो पदार्थांची यादी संकेतस्थळावर आली आणि कुठल्या फळाचा आकडा मोठा यावर जाहिराती होऊ लागल्या. २०१२ मध्ये त्याच खात्यानं ती यादी काढून टाकली. कारणही सांगितलं: परीक्षानळीतल्या आकड्याचा माणसाच्या शरीरात काय होतं याच्याशी मेळ दाखवता येत नाही आणि कंपन्या त्याचा गैरवापर करतात. यादी गेली, पण बाटल्यांवरचा शब्द गेला नाही.

आपल्या स्वयंपाकघरातलं उदाहरण हळदीचं. तिच्यातलं कर्क्युमिन १८१५ मध्ये वेगळं काढलं गेलं, १९१० मध्ये त्याची रचना ठरली, आणि गेल्या काही दशकांत त्याच्यावर हजारो शोधनिबंध निघाले. परीक्षानळीत ते उत्तम अँटिऑक्सिडंट आहे. पण तोंडावाटे घेतलेलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम पोचतं आणि पोचलेलं पटकन मोडतं. शिवाय स्वतःच्या रंगामुळं आणि चंचल स्वभावामुळं ते प्रयोगशाळेतल्या अनेक कसोट्यांना खोटे होकार द्यायला लावतं. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रातल्या एका विस्तृत आढाव्यानं माणसांवरच्या शंभराहून जास्त चाचण्या पाहून म्हटलं, की दुहेरी गुप्तता पाळून झालेल्या एकाही चाचणीत कर्क्युमिन यशस्वी ठरलेलं नाही. सांगलीच्या बाजारातून आलेली हळद रोज भाजी-आमटीत पडते, तिची चव, तिचा रंग, तिच्यासोबत शिजणारं सगळं अन्न, याविषयी त्या आढाव्याला काही म्हणायचं नव्हतं. प्रश्न कॅप्सूलचा होता.

तंबाखूच्या बाबतीत तर आपल्याकडचा एक धागा फिनलंडशी थेट जुळतो. तंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडात पांढरे चट्टे येतात, त्यांतले काही पुढं कॅन्सरच्या वाटेनं जातात. केरळमध्ये अशा लोकांना जीवनसत्त्व ‘अ’ आणि बीटा-कॅरोटिन देऊन चाचण्या झाल्या. १९९७ मध्ये तिरुअनंतपुरमच्या कॅन्सर केंद्रातून आलेल्या निकालात गोळी चालू असेपर्यंत बऱ्याच जणांचे चट्टे मावळले. गोळी थांबली आणि त्यांतल्या अर्ध्याहून जास्त लोकांचे ते परतले. मशेरी, गुटखा आणि तंबाखू-चुना ज्या राज्यात घराघरांत शिरला आहे तिथं हा निकाल गावोगावच्या दवाखान्यांत लावून ठेवावा असं मला फार वाटतं, कारण ‘मी सोबत व्हिटॅमिनची गोळी घेतो’ हे समाधान तंबाखू न सोडण्याला निमित्त पुरवतं.

भाजीपाल्यातल्या द्रव्यांचा अभ्यास यानंतर थांबला नाही, त्याची दिशा बदलली. आज बरेच संशोधक म्हणतात, की फळा-भाज्यांतली फिनॉल जातीची द्रव्यं रक्तात इतकी थोडी पोचतात, की ती स्वतः फ्री रॅडिकल टिपत फिरतील हे संभवत नाही. ती पेशीला हलकासा डिवचून तिची स्वतःची संरक्षणयंत्रणा जागी करत असावीत. फ्री रॅडिकलही निव्वळ शत्रू राहिलेले नाहीत. २००९ मध्ये जर्मनीत व्यायाम करणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगात दिसलं, की व्यायामानं इन्शुलिनचं काम सुधारतं, पण जीवनसत्त्व ‘क’ आणि ‘ई’च्या गोळ्या सोबत घेतल्या तर तो फायदा मिळत नाही. व्यायामात तयार होणारे फ्री रॅडिकलच स्नायूंना निरोप देत असतात, आणि गोळी तो निरोप पुसून टाकते. हारमन २०१४ मध्ये ९८ व्या वर्षी वारले. त्यांच्या सिद्धान्ताचा हा उलटा अध्याय त्यांच्या हयातीतच लिहिला गेला.

फिनलंडच्या त्या माणसांचा माग संशोधकांनी पुढंही सोडला नाही. गोळी थांबल्यावर चार ते सहा वर्षांत कॅन्सरचा जादा धोका ओसरला, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांचं साठवून ठेवलेलं रक्त आजही संशोधनाला उपयोगी पडतं.

डोळ्यांच्या बाबतीत या चाचणीचा उपयोग थेट झाला. म्हातारपणी दृष्टिपटलाचा मधला भाग झिजतो, त्यावर अमेरिकेत एक गोळी चांगली ठरली होती आणि तिच्यात बीटा-कॅरोटिन होतं. फिनलंड आणि कॅरेटचे आकडे समोर ठेवून पुढच्या चाचणीत सिगारेट ओढणाऱ्यांना ते दिलंच नाही, पण पूर्वी ओढून सोडलेल्यांतल्या काहींना दिलं. २०१३ मध्ये निकाल आला. बीटा-कॅरोटिनवाल्या गटात फुप्फुसाचा कॅन्सर पुन्हा जास्त निघाला आणि झालेल्यांतले बहुतेक जण सिगारेट सोडलेले होते. तेव्हापासून त्या गोळीतून ते काढून त्या जागी ल्यूटिन आणि झिॲझँथिन घालतात. पण बाजारात जुन्या धर्तीची गोळीही मिळते. डोळ्यांसाठी असं काही घेणाऱ्यानं आयुष्यात कधीही सिगारेट किंवा विडी ओढली असेल, तर पाकिटामागचे घटक वाचावेत आणि त्यात बीटा-कॅरोटिन दिसलं तर डॉक्टरांना विचारून ते बदलून घ्यावं.